आई-बाबा पहिल्यांदाच परदेशी येताहेत: हिथ्रोवरून वूलिचपर्यंत दोघंच येऊ शकतील काय?

वडगावचा माग:
नमस्कार मंडळी. मी लंडनला वूलिचमध्ये राहतो, हॉस्पिटलात शिफ्टची नोकरी आहे. पुढच्या महिन्यात आई-बाबा पहिल्यांदा येताहेत. बंगळूरहून थेट फ्लाइट आहे, हिथ्रोच्या टर्मिनल 2 ला दुपारी उतरतात, आणि नेमकी त्या दिवशी माझी ड्युटी आहे, बदलून मिळायचं काही लक्षण दिसत नाही, संध्याकाळी सहाशिवाय सुटका नाही. बाबांचा बेळगावच्या वडगावात माग होता. इंग्रजी पाटी ते अक्षर अक्षर लावून वाचतात पण समोरचा भराभर बोलायला लागला की गप्प होतात. आईला मराठी आणि कन्नड फर्स्टक्लास, हिंदी चालवून नेते. तब्येत दोघांची चांगली आहे, आई अजून शहापूरच्या बाजाराला चालत जाते. बहीण म्हणते टॅक्सी कर नि मोकळा हो, पण हिथ्रो लंडनच्या पश्चिम टोकाला आणि मी पूर्वेला, अख्खं शहर ओलांडून यायचं. कुणाच्या घरची वडीलमाणसं अशी दोघंच आलीत काय? काय काय सांगून ठेवायचं? मनाला लागून राहिलंय, झोप लागेना झालीय.

निपाणीकर:
भावा, सरळ व्हीलचेअर टाक तिकिटात. विमानाच्या दारातून माणूस येतो, इमिग्रेशनला वेगळ्या रांगेतून नेतो, बॅगा काढून देतो, बाहेर आणून सोडतो. आमच्याकडचे सगळे असंच करतात. बोलायचाच प्रश्न येत नाही.

टिळकवाडीची अक्का:
निपाणीकर दादा, मला हे पटत नाही, आणि स्पष्टच सांगते. गुडघे धरत असतील, लांब चालवत नसेल तर जरूर मागावी, ती सेवा फुकट असते आणि त्यांचा हक्क आहे, फक्त एअरलाइनला 48 तास आधी कळवायला पाहिजे. पण चालती-फिरती माणसं निव्वळ इंग्रजीच्या धास्तीनं खुर्चीत बसली की ज्यांना खरंच उभं राहवत नाही ते मागे राहतात. भारतातून आलेल्या विमानाच्या दाराशी खुर्च्यांची लाइन लागलेली असते, नि पायाला प्लॅस्टर घातलेली बाई माझ्यासमोर वाट बघत उभी होती, मी डोळ्यांनी बघितलंय. भाषेचीच अडचण असेल तर तिकीट काढताना तसं सांगून नुसती सोबत मागता येते, मीट अँड असिस्ट म्हणतात. सगळ्याच एअरलाइन देत नाहीत, काही पैसे घेतात, आधी विचारायचं.

आता तुझ्या आई-बाबांचं. माझ्या सासूबाई अनगोळच्या, शाळा चौथीपर्यंत, त्या एकट्या आल्या हिथ्रोला आणि माझ्या घराजवळच्या स्टेशनपर्यंत ट्रेननं आल्या. म्हणून सांगते, घाबरू नको. वडीलमाणसं रस्ता चुकतात त्याचं कारण इंग्रजी नसतं, आपण त्यांना रस्ता नीट सांगितलेलाच नसतो. "तिथं बोर्ड आहेत, कुणालाही विचारा" हे सांगणं नव्हे. एक वहीचं पान घे. प्रत्येक टप्प्याला पाटीवरची इंग्रजी अक्षरं मोठी काढायची, अगदी पाटीवर असतात तशीच, आणि खाली मराठीत काय करायचं ते. नुसतं देवनागरीत "अरायव्हल्स" लिहून उपयोग नाही, पाटी ओळखायची असते ती इंग्रजी अक्षराच्या आकारावरून. बाबा अक्षर लावून वाचतात म्हणतोस, मग तर निम्मं काम झालंच की.

त्या पानावर काय लिहायचं ते सांगते. विमानातून उतरलं की पिवळ्या पाट्या बघायच्या, अरायव्हल्सच्या. जांभळी पाटी दिसली तर तिकडे अजिबात वळायचं नाही, ती पुढचं विमान धरणाऱ्यांची आहे. हे मुद्दाम ठळक लिही, कारण तू पुढं त्यांना सांगणार की वूलिचला येणारी एलिझाबेथ लाइनची ट्रेन जांभळ्या रंगाची, आणि आई बिचारी जांभळं दिसलं की तिकडे निघेल. जांभळा रंग बघायचा तो बॅगा घेऊन बाहेर पडल्यावरच. टर्मिनल 2 ला कधी कधी विमान लांबच्या इमारतीशी लागतं, तिथून चालणं भरपूर होतं, सरकते पट्टे असतात, घाई करायची नाही. मागून लोक पळत जातात, जाऊ देत.

पासपोर्टच्या ठिकाणी आपोआप उघडणारी गेटं आहेत ती भारतीय पासपोर्टला नाहीत, अधिकारी बसतो त्या रांगेत उभं राहायचं. दोघांनी एकत्रच काउंटरला जायचं, नवरा-बायको म्हणून एकत्र घेतात. मोबाइल त्या हॉलमध्ये वापरू देत नाहीत, म्हणून तुझा पत्ता, तुझा नंबर, परतीचं तिकीट सगळं कागदावर पाहिजे, फोनमध्ये नको.

बॅगा घेतल्या की तिथंच बाथरूमला जाऊन यायचं, तहान-भूक भागवायची. एलिझाबेथ लाइनच्या गाडीत टॉयलेट नसतं आणि वूलिचपर्यंत तास तरी जातो. हे कुणी सांगत नाही, आणि वयस्कर माणसांना सगळ्यात मोठी काळजी हीच असते, ती बोलून दाखवत नाहीत एवढंच.

सांब्रा रोड:
अक्कानी लाखाचं सांगितलंय. मी एक जोडतो, अजून बरेच जण म्हाताऱ्यांना सांगतात विमानात लँडिंग कार्ड मिळेल ते भरा. ते कार्ड ब्रिटननं 2019 मध्येच बंद केलं. मागच्या वर्षी माझ्या मामींना विमानात तेच शोधत बसायला लागलं, कुणीतरी डोक्यात घालून दिलेलं. पेन पण लागत नाही.

प्रश्न साधे असतात: कशाला आला, कुणाकडे, किती दिवस, खर्च कोण करणार. व्हिजाला दिलेली बोटं पुन्हा एकदा मशीनवर टेकवायला लावतात. मुलानं सहीचं पत्र द्यावं, "हे माझे आई-वडील, माझ्याकडे राहणार, या तारखेला परत जाणार", खाली नोकरीचा नि घराचा पत्ता. अगदीच बोलणं जमेना तर अधिकारी फोनवर दुभाषा घेतात, त्यात कमीपणा काही नाही. कन्नड सांगितलं तरी चालेल, मराठी सांगितलं तरी चालेल.

वडगावचा माग:
अक्का, हे जांभळ्या पाटीचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. मी इतक्या वेळा तिथून गेलोय पण आपण बघतच नाही. आता स्टेशनचं सांगा. आणि पैशाचं. दोघांकडे आपल्या बँकेचं एकच डेबिट कार्ड आहे.

टिळकवाडीची अक्का:
एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. गेटला प्रत्येकाचं वेगळं कार्ड टेकवायला लागतं, आणि आत जाताना जे टेकवलं तेच बाहेर पडताना. आपल्याकडच्या कार्डाला परदेशातलं पेमेंट नि टॅप दोन्ही ॲपमधून चालू करून घ्यायला लागतं, मूळ बंदच असतं. त्यापेक्षा तू दोन ऑयस्टर कार्डं घे (लंडनच्या ट्रेन-बसला आधी पैसे भरून टेकवायचं कार्ड), तीस-तीस पौंड भर, आणि येणाऱ्या कुणाबरोबर नाहीतर पोस्टानं आधी घरी पाठव. एक कार्ड आईच्या पर्समध्ये, एक बाबांच्या खिशात. भाडं माणशी 15 पौंडांच्या आसपास धरून चाल. हिथ्रोवरून पिकॅडिली लाइनची मेट्रो पण आहे, ती निम्म्याहून स्वस्त आहे पण वूलिचला यायचं तर मध्ये गाडी बदलायला लागते, जिने लागतात, बॅगा घेऊन त्यांना नकोच ते. एलिझाबेथ लाइनला सगळ्या स्टेशनवर जिना न चढता जाता येतं आणि हिथ्रोपासून वूलिचपर्यंत गाडी न बदलता येता येतं. 2022 ला ही लाइन सुरू झाली तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या आई-वडिलांची मोठी सोय झालीय, त्याआधी असं सांगायची मला हिंमत झाली नसती.

एकच ठिकाण फसवं आहे ते नीट ऐक. टर्मिनल 2 आणि 3 चं स्टेशन एकच. तिथं त्याच फलाटावर हिथ्रो एक्स्प्रेस पण येते. ती पंधरा मिनिटात लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला नेते पण ऐनवेळेचं भाडं 25 पौंड आणि पॅडिंग्टनच्या पुढं जातच नाही. म्हणून फलाटावर आलेल्या पहिल्या गाडीत चढायचं नाही. बोर्डवर शेवटचं स्टेशन ॲबी वूड लिहिलेलं असेल तीच गाडी. पानावर ॲबी वूडची इंग्रजी अक्षरं काढ आणि बाबांना सांग ही दोन शब्दांची जोडी जुळली तरच चढायचं, नाहीतर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुढची येतेच. उलट्या बाजूच्या गाड्या टर्मिनल 4 आणि 5 कडे जातात.

आणि ते पॅडिंग्टन, लिव्हरपूल स्ट्रीट वगैरे सगळी स्टेशनं लिहून देऊ नको, गोंधळ उडतो. कॅनरी व्हार्फ, मग कस्टम हाऊस, मग वूलिच एवढीच तीन लिही. कॅनरी व्हार्फ दिसलं की उठायच्या तयारीला लागायचं.

येळ्ळूरचा:
तो काय म्हणतोय की सहाला सुटतो, आणि हे दुपारी उतरणार. म्हणजे वूलिचला ते त्याच्या आधी पोचतात. मग दाराबाहेर उभं राहायचं काय? माझ्या मते बाहेर येऊन हिथ्रोलाच बसू देत. अरायव्हल्सच्या हॉलमध्ये बाकडी आहेत, चहा मिळतो, फुकट वायफाय आहे, नि त्यांना थंडीत कुठं बसवणार. तू सहाला सुटून तिथं जा नि घेऊन ये.

वडगावचा माग:
वूलिच स्टेशनच्या बाहेरच माझी शेजारीण उभी राहणार आहे, तिला आईचा फोटो दिलाय. किल्ली तिच्याकडेच असते. हिथ्रोला माझी वाट बघत चार-पाच तास बसायचं म्हणजे एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाला नको होतंय.

टिळकवाडीची अक्का:
शेजारीण असेल तर सोन्याहून पिवळं. दहा तासांचा विमानप्रवास झाला की माणसाला अंथरूण पाहिजे असतं, बाकडं नको.

चिकोडीचा गडी:
एवढं सगळं सांगितलं पण मूळ गोष्ट कुणी बोललंच नाही. बॅगेत कुंदा टाकून आणू नका. बेळगावातून निघालेली आई कुंद्याशिवाय निघतच नाही, म्हणून लिहूलालो. दूध नि दुधाचे पदार्थ, मटण-चिकन, हे भारतातून ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे, युरोपात पण तेच. कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. पेढे नाहीत, खवा नाही, तूप नाही, पनीर नाही. कस्टमला सापडलं तर काढून टाकतात.

खानापूरची लेक:
कुंद्याचं खरं आहे दादा पण सगळे आणतात, कोण उघडून बघतंय.

चिकोडीचा गडी:
ताई, आपल्याला एकाला सोडलं म्हणून आईला सोडतील असं नाही. आणि काढून घेण्याचं सोडा, पण पहिल्यांदा आलेल्या म्हातारीला परक्या माणसानं बाजूला घेऊन बॅग उघडायला लावली की तिचा जीव केवढासा होईल, ते बघा. तिला काही बोलता येत नाही, हातात पहाटे उठून बांधलेला डबा. त्या एका डब्यासाठी तो प्रसंग तिच्यावर आणायचा कशाला? आईला आणायचंच असेल तर शेंगाचटणी, कडक भाकऱ्या, कांदा-लसूण मसाला, शेंगापोळी. शेंगापोळीला तूप लावू नका, तेल लावा. चटणीची पिशवी दोनदा बांधा नि डब्यात ठेवा, नाहीतर सगळे कपडे तेलकट. आणि आखं सुकं खोबरं चेक-इन बॅगेत घेत नाहीत, किसून आणा. पॉवर बँक मात्र केबिन बॅगेतच पाहिजे.

वडगावचा माग:
आईला फोन करून सांगितलं. म्हणाली, "मग तिथं जाऊन करते की, दूध मिळतंय न्हवं?" म्हणजे इथं स्वयंपाकघरात कुंदा आटणार.

निपाणीकर:
मी व्हीलचेअरचं बोललो ते माझ्या आईच्या गुडघ्याचं डोक्यात होतं. तुमच्या बाबतीत अक्कांचं बरोबर आहे. एक विचारतो, वडगावातून बंगळूरपर्यंत कसं येणार? त्याचाच वेळ जास्त जातो.

सांब्रा रोड:
ते बघा, बेळगावच्या सांब्रा विमानतळावरून बंगळूरला विमान आहे, एकाच तिकिटावर मिळालं तर बॅगा थेट लंडनला लागतात, ते सगळ्यात सोपं. नाहीतर राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहेच रात्रीची, शिवाय 2025 च्या ऑगस्टपासून वंदे भारत सुटते सकाळी बेळगावातून. पण बंगळूर स्टेशन ते एअरपोर्ट पस्तीस किलोमीटरच्या वर, आणि तिथली ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे. स्टेशनसमोरच्या मॅजेस्टिक बसस्टँडवरून एअरपोर्टच्या वायु वज्र बस सुटतात, लाल-पांढऱ्या असोत की कुठल्या रंगाच्या, पाटीवर केआयए लिहिलेलं असतं. आदल्या दिवशीच जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करावा असं माझं मत. वयस्कर माणसांना रात्रभर ट्रेन, मग ट्रॅफिक, मग दहा तास विमान असं सलग लावू नये. बंगळूरचा एक फायदा, तिथं एअरपोर्टवर आईला कन्नडमध्ये विचारता येतंय. निम्मी भीती तिथंच जाते.

टिळकवाडीची अक्का:
टॅक्सीचं राहिलं. हिथ्रोच्या बाहेर कुणी जवळ येऊन "टॅक्सी, टॅक्सी" म्हणालं तर जायचं नाही. काळ्या कॅबचा रीतसर स्टँड आहे, नाहीतर आधी बुक केलेलीच गाडी. वूलिचपर्यंत काळ्या कॅबचं मीटर शंभर पौंडांच्या पुढं जायला वेळ लागत नाही, ट्रॅफिक असेल तर आणखी. ट्रेन बंद पडली तरच तो मार्ग. शनिवार-रविवारी कधी कधी लाइनवर दुरुस्तीची कामं असतात, आदल्या दिवशी बघून ठेव.

वडगावचा माग:
मंडळी, काल आई-बाबा पोचले. सविस्तर लिहितो कारण पुढं कुणाला तरी कामाला येईल.

पान मी मराठीत केलं, बाबांनी त्याची लॅमिनेशन करून घेतली खडेबाजारात. दोन प्रती, एक आईकडे. बॅगांना बाबांनी शहापुरी साडीचा लाल काठ फाडून बांधला होता, पट्ट्यावरून बॅगा येताना लांबूनच ओळखल्या म्हणे, इतर सगळ्या काळ्या नि निळ्या. पासपोर्टच्या रांगेत तासाच्या वर गेला. अधिकारी बाई होती. तिनं बाबांना विचारलं कुणाकडे, बाबांनी "सन" म्हणून पत्र पुढं केलं. मग आईकडे बघून किती दिवस असं विचारलं, आईनं तिकिटावरच्या परतीच्या तारखेवर बोट ठेवलं. बोटं टेकवली, झालं. आई मला रात्री सांगत होती की त्या बाईनं तिच्याकडे बघून मान हलवली तेव्हा तिला वाटलं आपण लेकाच्या घरीच आलो.

जांभळ्या पाटीपाशी बाबा थांबले, पान काढलं, वाचलं, आणि पिवळीकडे वळले. त्यांच्या बरोबर हुबळीचं एक जोडपं होतं त्यांनाही घेऊन गेले. स्टेशनला लिफ्टनं खाली गेले. पहिली गाडी सोडली, कारण ॲबी वूड नव्हतं. दुसरीत चढले. गेटपाशी आईचं ऑयस्टर लागेना, तिनं पर्ससकट टेकवलेलं होतं, तिथल्या पोऱ्यानं कार्ड बाहेर काढायची खूण केली नि दार उघडलं. वूलिचला शेजारीण होती. साडेसहाला मी पोचलो तर बाबा झोपलेले, आई जागी.

अक्का, तुमचं पान मी तसंच ठेवलंय. कुणाला पाहिजे असेल तर टर्मिनल नि शेवटचं स्टेशन सांगा, करून देतो.

टिळकवाडीची अक्का:
खूप बरं वाटलं वाचून. बाबांनी दुसऱ्यांनाही घेऊन जाणं, हे मला फार आवडलं.

खानापूरची लेक:
वडगावदादा, माझा भाऊ सप्टेंबरमध्ये शिकायला डार्मस्टाटला चाललाय, फ्रँकफर्टला उतरतो. त्याच्यासाठी असं पान होईल काय? इंग्रजी येतं त्याला, पण जर्मन शून्य.

येळ्ळूरचा:
मी तिथं शिकलोय, मी सांगतो. फ्रँकफर्ट एअरपोर्टवरून डार्मस्टाटला थेट बस आहे, एअरलायनर नाव, टर्मिनल 1 ला मिळते. फ्रँकफर्ट शहरातच जायचं असेल तर टर्मिनल 1 च्या खाली लोकल स्टेशन आहे, एस 8 आणि एस 9 या गाड्या मुख्य स्टेशनला पंधरा मिनिटांत नेतात. तिथंच जवळ लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेगळं स्टेशन आहे, त्यात मिसळू नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जर्मनीत लोकलला गेटच नसतं, कुणी अडवत नाही, म्हणून तिकीट नसताना चढला तर मध्येच साध्या कपड्यातला तपासनीस येतो नि 60 युरो दंड. गाडीत चढायच्या आधी मशीनवरून तिकीट काढायचं, मशीनला इंग्रजीचं बटण असतं. रूमची चावी कुठल्या वेळेपर्यंत मिळते ते भावाला मेलवर विचारून घ्यायला सांग, संध्याकाळी ऑफिस बंद होतं आणि रविवारी तर दुकानंही बंद. शनिवारी रात्री किंवा रविवारी उतरणारं तिकीट काढलं नाही ना त्यानं?

खानापूरची लेक:
रविवारचंच आहे. बदलायला सांगते.